शिकलेलं सोबत नेताना

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून पदवी पुरी करून एमएसला जाणारी मुलं आता गावोगाव सापडतात. त्यांची वाट मळलेली आहे. माझ्याकडे येतात ती वेगळी मुलं. बीएस्सीची दोन वर्षं झालेली, नाहीतर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालेलं, आणि मध्येच देश सोडायची वेळ आलेली. कुणाला भावाने तिकडे बोलावून घेतलेलं असतं, कुणाला कोर्स बदलायचा असतो. मुलींच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा एकच कारण असतं. लग्न ठरलंय, मुलगा कॅनडात किंवा जर्मनीत नोकरीला आहे, साखरपुडा दिवाळीत, लग्न उन्हाळ्यात. त्यात तिच्या परीक्षेचा विचार कुणी केलेला नसतो.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मुलांबरोबर बसून फॉर्म भरताना आणि तिकडच्या विद्यापीठांची उत्तरं वाचताना जे कळत गेलं, ते इथे लिहिते आहे. एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. झालेली वर्षं तिकडे धरली गेली, तर मुलगी पदवी घेते. ‘पहिल्या वर्षापासून सुरुवात करा’ असं उत्तर आलं, की नवी भाषा, नवं घर, पुढे बाळ आणि चार वर्षांची फी यांच्या ओझ्याखाली शिक्षण मागे पडतं ते पडतंच. म्हणून या कामात कंटाळा करून चालत नाही.

१. क्रेडिट कोण देतं, ते आधी समजून घ्या

दूतावास देत नाही. एजंट देत नाही. अमेरिका-कॅनडासाठी डब्ल्यूईएससारख्या मूल्यांकन संस्था जो अहवाल देतात, तोही सल्ला असतो. तुमच्या कोणत्या विषयाला किती क्रेडिट द्यायचे, हे ज्या विद्यापीठात जायचं आहे तिथला विभाग ठरवतो. म्हणजे शेवटी कुणीतरी प्राध्यापक तुमच्या विषयाचा अभ्यासक्रम उघडून वाचतो आणि हो किंवा नाही म्हणतो. त्या माणसाने नारायणगाव, ओतूर, घोडेगाव ही नावं ऐकलेली नाहीत. त्याच्यापुढे फक्त तुमचा कागद आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, प्रवेश घेण्याआधीच त्या विभागाला ईमेल लिहून विचारायचं, की आमचे अमुक विषय झालेत, ते धरले जातील का, आणि त्यासाठी काय पाठवू. बरीच विद्यापीठं प्रवेश पक्का झाल्याशिवाय अंतिम निर्णय देत नाहीत, पण प्राथमिक अंदाज देतात, आणि तो लेखी असतो. दुसरी, त्यांचा वरच्या मर्यादेचा नियम विचारायचा. पदवी आमच्या नावाची हवी असेल तर किमान इतके क्रेडिट आमच्याकडेच करायला हवेत, असा नियम जवळजवळ सगळीकडे असतो. कुठे शेवटचं एक वर्ष, कुठे निम्मी पदवी. तो आकडा कळला की आपले किती क्रेडिट कामाचे आणि किती केवळ दाखवण्यापुरते, ते समजतं.

एजंटाबद्दल एवढंच सांगते. त्याचं कमिशन बहुतेक वेळा प्रवेशावर असतं. तुम्ही पहिल्या वर्षाला गेलात काय आणि तिसऱ्या सत्राला गेलात काय, त्याला फरक पडत नाही. उलट पहिल्या वर्षाचा प्रवेश त्याच्यासाठी सोपा. क्रेडिटचं काम स्वतःच करावं लागतं.

२. गुणपत्रिका म्हणजे निम्माच कागद

इथे थोडं थांबते, कारण मुलं नेमकी इथेच अडतात.

आपल्याकडे सगळा जीव गुणपत्रिकेत. ती लॅमिनेट करून कपाटात ठेवलेली असते. (लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूला शिक्का मारायची वेळ आली की अडचण होते.) पण गुणपत्रिकेवर काय असतं? विषयाचा कोड, विषयाचं नाव, क्रेडिट आणि ग्रेड. ‘फिजिकल केमिस्ट्री’ एवढं वाचून परदेशातल्या प्राध्यापकाला काहीच कळत नाही. त्यात ऊष्मागतिकी होती का, किती खोलवर होती, प्रयोगशाळेत किती तास काढले, पुस्तक कोणतं होतं, परीक्षा कशी झाली, हे त्याला हवं असतं. तिकडे प्रत्येक विषयाचं असं वर्णन छापून ठेवलेलं असतं. आपल्याकडे ते अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये असतं, पण अर्धवट आणि विखुरलेलं.

आंबेगावच्या पश्चिम भागातली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला तिचं गाव. दोन वर्षं रसायनशास्त्र केलेलं, ग्रेड उत्तम. तिकडच्या विभागाने एका ओळीत विचारलं होतं, प्रात्यक्षिकांचे तास किती आणि त्यांत काय केलं? तिला वाटलं, आपल्या कॉलेजावर त्यांचा विश्वास नाही. मी म्हटलं, अगं, हा संशय नाही, ही संधी आहे. त्यांनी वाचायचं कबूल केलंय. तुझं जर्नल कुठंय?

जर्नल घरी होतं, माळ्यावर. पुढच्या वेळी ती ते घेऊन आली. कोपरे दुमडलेलं, आम्लाचे डाग पडलेलं, पण पहिल्या पानावर विभागप्रमुखांच्या सहीचं प्रमाणपत्र, की या विद्यार्थिनीने अमुक वर्षात अमुक प्रयोग समाधानकारक पूर्ण केले. आम्ही एकेक प्रयोग काढला. उदासिनीकरणाची उष्णता मोजणे. ऑस्टवाल्डच्या नळीने द्रवाची श्यानता काढणे. सोडियम कार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं अनुमापन. सेंद्रिय संयुग ओळखणे, स्फटिकीकरणाने शुद्ध करणे, वितळणांक घेणे. प्रत्येकासमोर साधन, पद्धत आणि तास. ही सगळी कामं जगातल्या कुठल्याही विद्यापीठात पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं करतात. लिहून झाल्यावर ती म्हणाली, ‘मॅडम, आपण एवढं केलं होतं?’

हो, केलं होतं. आपली मुलं खूप काही शिकलेली असतात, पण ते शिकणं कुणी कागदावर मांडून ठेवलेलं नसतं. तिचे प्रात्यक्षिकांचे क्रेडिट पुढे धरले गेले.

तेव्हापासून माझ्या वर्गात सांगते: सत्र सुरू झालं की त्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून स्वतःजवळ ठेवा. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो. 2019चा पॅटर्न वेगळा, 2024पासून संलग्न कॉलेजांत आलेला नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न वेगळा. तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्याच वर्षाचा अभ्यासक्रम पाठवावा लागतो, आणि काही वर्षांनी तो शोधायला गेलं की संकेतस्थळावर नवाच दिसतो. त्यावर कॉलेजचा शिक्का आणि प्राचार्यांची सही घेऊन ठेवावी. मराठीतून शिकवलेले विषय असतील, तर त्यांचं इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावं लागतं. आणि जर्नल रद्दीत घालू नये.

३. क्रेडिटची संख्या पाहून घाबरू नका, तास मोजा

महाराष्ट्रात आता पदवीच्या एका वर्षाला 44 क्रेडिट असतात. तीन वर्षांचे 132, चार वर्षांच्या ऑनर्सचे 176. अमेरिकेत आणि कॅनडातल्या पुष्कळ विद्यापीठांत एका वर्षाचे साधारण 30. युरोपात 60. इंग्लंडमध्ये 120. मुलं हे आकडे समोर ठेवतात आणि गोंधळून जातात. युरोपकडे पाहिलं की आपले कमी पडले असं वाटतं, अमेरिकेकडे पाहिलं की आपले जास्त झाले असं वाटतं.

एका मुलाच्या वडिलांना मी हे समजावत होते. त्यांची टोमॅटोची शेती. त्यांनी मध्येच विचारलं, ‘म्हणजे मॅडम, क्रेट मोजायचे नाहीत, वजन बघायचं?’ अगदी तसंच. नारायणगावच्या बाजारात भरलेलं क्रेट आणि परमुलखातल्या बाजारातली पेटी यांचा आकार वेगळा, आतला माल मात्र काट्यावर कळतो.

इथला काटा म्हणजे विद्यार्थ्याच्या कष्टाचे तास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे वर्ग, प्रात्यक्षिक आणि स्वतःचा अभ्यास धरून 30 तास. 44 क्रेडिटचे झाले 1,320 तास. अमेरिकेत एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, असे साधारण 15 आठवडे, म्हणजे 45 तास. 30 क्रेडिटचे 1,350. फरक किती राहिला? जवळपास काहीच नाही. युरोपातला एक क्रेडिट 25 ते 30 तासांचा, म्हणजे 60 क्रेडिटचे 1,500 ते 1,800 तास. तिथे आपलं वर्ष थोडं हलकं भरतं, आणि म्हणून तिकडे दोन वर्षांतले सगळे विषय धरले जातीलच असं नाही.

हा हिशेब अर्जासोबत एका पानावर लिहून द्यावा. वाचणाऱ्याचं काम सोपं केलं की त्याचा कल आपल्या बाजूने होतो, हा माझा अनुभव आहे.

४. छोटे पेपर एकत्र बांधून मांडा

नव्या पॅटर्नमध्ये दोन-दोन क्रेडिटचे पुष्कळ पेपर आहेत. दोन क्रेडिटचा लेखी पेपर म्हणजे वर्गातले 30 तास. अमेरिकेतला नेहमीचा विषय तीन क्रेडिटचा, वर्गातले 45 तास. तुम्ही एकेक पेपर सुटा पाठवलात, तर प्रत्येकाला उत्तर येतं, ‘आमच्या विषयाच्या दोन तृतीयांशच भरतो, मान्य करता येत नाही.’ पण पहिल्या सत्राचा भौतिक रसायन, दुसऱ्या सत्राचा अकार्बनी रसायन आणि दोन्ही सत्रांची प्रात्यक्षिकं एकत्र बांधून ‘हे तुमच्या जनरल केमिस्ट्रीच्या तोडीचं आहे’ असं मांडलं, तर गोष्ट वेगळी होते. गणितातही तेच. कॅल्क्युलस आपल्याकडे दोन सत्रांत वाटलेलं असतं, तिकडे तेवढा भाग एका विषयात येऊ शकतो.

इंजिनिअरिंगच्या मुलांना हे तुलनेने सोपं जातं. मॅथ्स वन, मॅथ्स टू, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, प्रोग्रॅमिंग, ही नावं जगभर ओळखीची आहेत. मॅथ्स थ्री सुटलेला असेल तर तो आवर्जून पुढे करावा. त्यातली लाप्लास आणि फूरियर रूपांतरं पाहून समोरच्याला पातळी लगेच कळते.

भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, एनएसएस, क्षेत्रकार्य यांचे क्रेडिट मुख्य विषयात कुणी धरत नाही. ते ‘ऐच्छिक’ म्हणून मागावेत. पुष्कळ ठिकाणी ऐच्छिक विषयांची ठरावीक जागा रिकामी असतेच. आणि क्षेत्रकार्याचं वर्णन नीट लिहिलं तर ते वाया जात नाही. आपल्या भागातल्या मुलांकडे काही गोष्टी अशा आहेत की ज्या बाहेरच्या माणसाला चटकन समजतात. खोडदच्या जीएमआरटीमध्ये, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांच्या त्या रेडिओ दुर्बिणीत, भौतिकशास्त्राच्या एखाद्या मुलाने छोटा प्रकल्प केला असेल, तर त्या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. खगोलशास्त्राचा कुठलाही प्राध्यापक ते नाव ओळखतो. अशा कामाचं पत्र, त्यावर तास आणि कामाचं स्वरूप लिहून, त्याच वेळी मागून घ्यावं.

५. ग्रेडचा तक्ता जोडल्याशिवाय गुण पाठवू नका

आपला फर्स्ट क्लास 60 टक्क्यांना. 90 टक्क्यांना ‘ए’ देणाऱ्या देशातल्या माणसाने 62 टक्के पाहिले, तर त्याला विद्यार्थी कसाबसा पास झाला असं वाटणार. भारतीय गुण ओळखणाऱ्या मूल्यांकन संस्था फर्स्ट क्लासला ‘ए’च धरतात, पण विद्यापीठातल्या प्रत्येक प्राध्यापकाला ते ठाऊक नसतं. ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित अधिकृत गुणपत्रकाच्या, मागे विद्यापीठाचा ग्रेडचा तक्ता छापलेला असतो. तो स्कॅन करायचा राहू नये.

जर्मनीत गुणांचं रूपांतर ज्या सूत्राने करतात त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. 10 पैकी 8.2 असतील आणि पास व्हायला 4 लागत असतील, तर उत्तर येतं 1.9. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, 1.0 सर्वांत वर. एक मुलगी 1.9 पाहून खचली होती, तिला हे सांगेपर्यंत.

अमेरिकेत आणखी एक पद्धत आहे. बाहेरून आलेले क्रेडिट धरतात, पण त्यांची ग्रेड तिथल्या सरासरीत सहसा मिसळत नाहीत. त्यामुळे इथे एखाद्या विषयात कमी गुण असले तरी तिकडची पाटी कोरी असते. मात्र साधारण ‘सी’च्या खालचा विषय धरत नाहीत. बॅकलॉग असेल तर तो विषय सुटेपर्यंत यादीत घालू नये.

६. डिप्लोमा करून डिग्रीला आलेल्यांनी पहिलं वर्ष विसरू नये

अवसरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा आसपासच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला येणारी मुलं आपल्या दोन्ही तालुक्यांत भरपूर आहेत. दहावीनंतर डिप्लोमा, मग डिग्री. घरची परिस्थिती बेताची असली की हा मार्ग धरतात, आणि ही मुलं हाताने काम करण्यात बाकीच्यांपेक्षा सरस असतात, हे मी छातीठोकपणे सांगते. पण परदेशी विद्यापीठात त्यांची गाडी एका ठिकाणी अडते. त्यांच्या ट्रान्सक्रिप्टवर पहिलं आणि दुसरं सत्र नसतंच. समोरचा विचारतो, हे वर्ष कुठे गेलं?

विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट आणि तंत्रशिक्षण मंडळाची, म्हणजे एमएसबीटीईची ट्रान्सक्रिप्ट, अशा दोन्ही लागतात. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत, दोन वेगळे अर्ज आहेत. त्याबरोबर कॉलेजचं एक पत्र घ्यावं, की नियमानुसार डिप्लोमाधारकाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि त्यामुळे पहिल्या वर्षाची गुणपत्रिका दिली जात नाही. या पत्राने पुष्कळ प्रश्न मिटतात. शिवाय डिप्लोमातले वर्कशॉप, ड्रॉइंग आणि सर्व्हेइंगसारखे विषय कॅनडातल्या कॉलेजांत स्वतंत्रपणे धरले जाऊ शकतात. ते मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

७. नाव

गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावून पासपोर्ट काढला असेल तर तिसराच प्रकार. तिकडच्या संगणकाला या तीन वेगळ्या बायका दिसतात. शिक्षण पूर्ण होईपर्यंत पासपोर्टवर माहेरचं नाव राहू द्यावं, असं मी मुलींना आणि त्यांच्या सासरच्यांनाही स्पष्ट सांगते. बदललंच असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नोंद आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र हे तीनही कागद ट्रान्सक्रिप्टच्या अर्जाआधी तयार ठेवावेत.

८. शेवटचं वर्ष उरलं असेल तर इथेच पूर्ण करा

याबाबतीत मी हट्टी आहे. तिसऱ्या वर्षाची मुलगी ‘मॅडम, क्रेडिट ट्रान्सफर करते’ म्हणून आली, की मी तिच्या घरी फोन करते. दोन वर्षं घेऊन गेलेल्या मुलीला तिकडे आणखी दोन-तीन वर्षं लागतील. इथे एक वर्ष थांबली तर पूर्ण पदवी हातात येते. कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी जे गुण मोजतात, त्यांत पूर्ण झालेलं शिक्षण धरतात, अर्धवट राहिलेल्या पदवीचं वजन पडत नाही. पदवी असली की तिकडे थेट पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा किंवा एखाद्या पदविकेचा रस्ता उघडतो. तीन वर्षांची पदवी चालते की चार वर्षांची लागते, हे विद्यापीठागणिक बदलतं. ते विचारून घ्यावं. पण अर्ध्या पदवीपेक्षा पुरी पदवी बरी, यात शंका नको.

लग्नाची तारीख पुढे ढकलता येते. निदान लग्नानंतर परीक्षेपुरतं थांबता येतं. एका घरात सासूबाईच म्हणाल्या, ‘तिला पेपर देऊ दे, तिकीट मेनंतरचं काढू.’ अशी माणसं असतात. त्यांना फक्त कुणीतरी विचारावं लागतं.

९. जाताना मागचं दार लावून घेऊ नका

प्रवेश मिळाला, व्हिसा अजून यायचा आहे, आणि मुलं उत्साहात कॉलेजचा दाखला काढून मोकळी होतात. एलसी घेतली की नाव पटावरून गेलं. मग व्हिसा नाकारला गेला तर तिकडेही नाही आणि इकडेही नाही. व्हिसा हातात पडेपर्यंत इथलं सत्र चालू ठेवावं, परीक्षेचा फॉर्म भरावा. पैसे थोडे जातील, वर्ष जाणार नाही.

दुसरं म्हणजे क्रेडिट बँक. 2021 साली देशात शैक्षणिक क्रेडिट बँक सुरू झाली. आपलं खातं उघडलेलं आहे का आणि प्रत्येक सत्राचे क्रेडिट त्यात जमा झालेत का, हे जाण्याआधी बघून घ्यावं. जमा झालेले क्रेडिट कमाल सात वर्षं टिकतात. म्हणजे तिकडे जमलं नाही आणि परत यावं लागलं, तर झालेली वर्षं इथे तरी शाबूत राहतात. नवीन धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. त्यासाठी चार क्रेडिटचं जादा कौशल्याचं काम करावं लागतं. दोन वर्षांनंतर जाणाऱ्या मुलीने ते करून पदविका घेऊनच जावं. नुसत्या गुणपत्रिकांपेक्षा विद्यापीठाने दिलेली पदविका दाखवायला कितीतरी बरी. क्रेडिट बँकेच्या खात्याला आधारशी जोडलेला मोबाइल लागतो आणि परदेशात गेल्यावर इथला नंबर बंद पडला तर ओटीपी येत नाही. तो नंबर चालू ठेवा. आहुपे खोऱ्यातल्या मुलांना तर ओटीपीसाठी रेंजच्या जागी येऊन बसावं लागतं, म्हणून हे काम निघण्याच्या आठवड्यावर ठेवू नये.

मुलांना मी या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट सांगते. कोलंबियातून ते 1916 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं. पण निघण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी घेतली होती, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता यावा. 1920 साली ते लंडनला परतले, 1921 साली एमएस्सी झाले आणि 1923 साली डीएस्सी. एवढ्या ओढाताणीत, पुढचं काहीही नक्की नसताना, त्यांनी ती परवानगी मागितली. पुढची डीएस्सी त्या परवानगीवर उभी आहे. अभ्यासात खंड पडणार असेल तर तो विद्यापीठाला कळवून, तारीख लिहून घेऊन पडू द्यावा.

१०. जर्मनीला जायचं असेल तर इथलं एक वर्ष फार मोलाचं

भारतातली नुसती बारावी घेऊन जर्मन विद्यापीठात सरळ प्रवेश बहुतेकांना मिळत नाही. आधी तयारीचं एक वर्ष करावं लागतं. पण इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलं असेल, तर त्याच शाखेत थेट अर्ज करता येतो. हे फार कमी घरांना ठाऊक असतं. म्हणजे ओतूरला किंवा मंचरला बीएस्सीचं पहिलं वर्ष नीट केलेली मुलगी त्या दारात उभी राहू शकते. तिथे पोचल्यावर झालेल्या विषयांची मान्यता परीक्षा मंडळाकडे मागायची. युरोपात 1997 सालच्या लिस्बन करारापासून एक तत्त्व रुजलं आहे: दोन विषयांत ठळक फरक दाखवता आला नाही तर बाहेरचा विषय मान्य करावा. भारत त्या करारात नाही, पण तिथली बरीच विद्यापीठं हीच फूटपट्टी सगळ्यांना लावतात. नकार आला तर फरक नेमका कोणता, हे नम्रपणे आणि लेखी विचारावं. कधी कधी उत्तरात, अमुक भागाची माहिती मिळाली नाही, एवढंच असतं, आणि ती माहिती आपल्या जर्नलमध्ये असते.

भारतीय विद्यार्थ्यांना 2022च्या अखेरीपासून एपीएस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यात कागदपत्रं तपासली जातात आणि वेळ लागतो, म्हणून ते सर्वांत आधी हाती घ्यावं. खर्चाचंही आधीच बघावं: विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे ‘ब्लॉक्ड’ खात्यात दाखवावे लागतात, 2024च्या सप्टेंबरपासून ही रक्कम 11,904 युरो आहे. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची आशा घेऊन मुलं येतात, पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. पदवीच्या मध्येच जाणाऱ्यांना तिचा उपयोग नाही. ज्यांना ती मिळू शकते त्यांनी इथली पदवी पूर्ण करूनच जावं, हे मी आठव्या मुद्द्यात म्हटलं त्याला आणखी एक कारण.

११. एमबीबीएसच्या मुलांनी यात पडू नये

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन भारतात काम करायचं असेल, तर 18 नोव्हेंबर 2021च्या नियमांप्रमाणे संपूर्ण अभ्यासक्रम, प्रशिक्षण आणि इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत व्हायला हवी. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर 2022च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या मुलांसाठी अपवाद केला गेला, त्यांना दुसऱ्या देशात तात्पुरतं शिकता आलं, पण पदवी मूळच्या विद्यापीठाचीच. तो युद्धातला अपवाद होता. ‘दोन वर्षं इथे करा, मग तिकडे बदली करून देतो’ असं कुणी सांगत असेल तर उठून यावं.

१२. कॉलेजांनी हे काम आपलं मानावं

जुन्नरहून पुण्यातलं गणेशखिंडीचं विद्यापीठ नव्वदेक किलोमीटर, वाटेत चाकणची कोंडी. एका सहीसाठी, एका शिक्क्यासाठी मुलं दिवस मोडून जातात, तेव्हा त्यांच्या हातातला कागद तरी पुरा असावा. परदेशी विद्यापीठ जे मागतं, त्यातलं निम्मं कॉलेजातच तयार होऊ शकतं: प्रत्येक विषयाचं एक पानी इंग्रजी वर्णन, घटक, तास, प्रात्यक्षिकांची यादी, पुस्तकं, मूल्यमापनाची पद्धत. एकदा केलं की पॅटर्न बदलेपर्यंत चालतं. मोठ्या शहरातल्या नामांकित स्वायत्त कॉलेजांच्या मुलांना हे सगळं आयतं मिळतं. आमच्या मुलांचं शिक्षण त्यांच्यापेक्षा कमी नाही, पण त्यांना ते स्वतःच्या हिमतीवर सिद्ध करावं लागतं, आणि हे मला मान्य नाही.

आमच्या विभागाने प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या सगळ्या पेपरांची अशी पानं तयार केली आहेत. जुन्या पॅटर्नचे अभ्यासक्रमही शिक्का मारून फाइलला लावले आहेत, कारण तीन-चार वर्षांपूर्वी अर्धवट सोडून गेलेल्या मुलींचे आता तिकडून फोन येतात. मूल मोठं झालंय, पुन्हा शिकायचंय, मॅडम माझं दुसऱ्या वर्षाचं काही मिळेल का? गणिताच्या विभागाने काम हाती घेतलं आहे. वनस्पतीशास्त्राच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत करतो म्हणून सांगितलं आहे. मराठी आणि इतिहासाच्या विषयांचं भाषांतर व्हायला हवं. ते सर्वांत अवघड आहे आणि त्या विषयांच्या मुलींना त्याची सर्वांत जास्त गरज आहे. जून-जुलैच्या निकालांच्या गर्दीआधी निदान पहिल्या वर्षाचं तरी व्हावं, असा प्रयत्न आहे.